दहावी कथा राहिली

काचेच्या कपाटांत वस्तू मांडल्या की प्रदर्शन झाले, असा आपल्याकडे समज आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात भरलेल्या 'इंडिया अँड द वर्ल्ड' या प्रदर्शनाने तो खोडून काढला. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय व लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांच्या साथीने दोनशेहून अधिक वस्तू जमवल्या गेल्या. त्या घराण्यांनुसार न मांडता नऊ कथांत गुंफल्या. मोगल चित्रावरून रेम्ब्राँने रेखाटलेला जहांगीर त्यांत होता. वर्गात आम्ही दोन वेगळ्या धड्यांत शिकवतो तो इतिहास इथे एक झाला. असा कागद मंद प्रकाशात, काही महिनेच ठेवता येतो. म्हणून दिवे, विमा, वाहतूक, परतीची तारीख, सारे आधी ठरवावे लागते.

तरी एक उणीव आम्हांस खटकते. आरंभीची नगरे, साम्राज्य, सागरी व्यापार, दरबार, स्वातंत्र्य यांना कथा मिळाल्या. पण लंडनच्या वस्तू लंडनला कशा पोहोचल्या, ही दहावी कथा त्या यादीत नव्हती. देवाणघेवाण सांगणाऱ्याने नेआणही सांगावी. पुढील आखणीच्या पहिल्याच बैठकीत तिला जागा मिळावी.