गैरसमजांच्या आडोशाला

प्रेमाच्या विनोदी गोष्टीत तिसरा माणूस लागतोच. ‘मेझॉन इक्कोकु’ या जपानी ॲनिमे मालिकेत हा तिसरा माणूस गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेला आहे. जिवंत प्रतिस्पर्ध्याशी भांडता येतं, त्याच्या खोड्या काढता येतात, निदान त्याला म्हातारं होताना तरी बघता येतं. मेलेल्याचं काय करायचं? रुमिको ताकाहाशींनी या प्रश्नावर 1980 ते 1987 अशी सात वर्षं चित्रकथा रचली. त्यावरून स्टुडिओ दीनने केलेली 96 भागांची मालिका फुजी टीव्हीवर 1986 ते 1988 या काळात दर बुधवारी संध्याकाळी दाखवली गेली.

गोष्ट अशी. टोकियोच्या एका उपनगरात चढावर ‘इक्कोकु-कान’ नावाची दुमजली, लाकडी, मोडकळीला आलेली इमारत आहे. तिच्या माथ्यावरचं मोठं घड्याळ कधीचंच बंद पडलंय. पाच नंबरच्या खोलीत राहणारा युसाकु गोदाई विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास होऊन पुन्हा तयारीला लागलाय. पण शेजारी त्याला अभ्यास करू देतील तर ना! बाटल्या घेऊन सगळे त्याच्याच खोलीत जमतात. योत्सुया नावाचे गृहस्थ तर सरळ भिंत फोडून येतात. वैतागून गोदाई सामान बांधतो, आणि नेमकी त्याच वेळी इमारतीची देखरेख करायला नवी बाई येते. क्योको ओतोनाशी. सामान सुटतं.

क्योको येताना एक पांढरा, लठ्ठ, सुस्त कुत्रा घेऊन येते. त्याला ती ‘सोइचिरो-सान’ म्हणते. हा सोइचिरो कोण, म्हणून गोदाईचा जीव आधी टांगणीला लागतो आणि कुत्रा समोर आल्यावर भांड्यात पडतो. पुढे कळतं की सोइचिरो हे तिच्या नवऱ्याचं नाव. लग्नानंतर काही महिन्यांतच तो गेला. कुत्र्याचं मूळ नाव शिरो. पण बायको नवऱ्याला हाक मारायची तेव्हा हाच उठून यायचा, म्हणून तेच नाव त्याला चिकटलं. ही कल्पना मला ताकाहाशींच्या साऱ्या लेखनात अव्वल वाटते. विधवेच्या तोंडी नवऱ्याचं नाव दिवसातून दहा वेळा येतं, आणि प्रत्येक वेळी धावत येतो तो कुत्रा. हसावं की गप्प बसावं, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही. खुद्द सोइचिरोचा चेहरा मालिका शेवटपर्यंत दाखवत नाही. फोटोतही तो सावलीत राहतो. चेहरा दिसला असता तर गोदाईने आणि आपणही तुलना करून विषय संपवला असता.

या मालिकेवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप म्हणजे गैरसमजांचा सुकाळ. कोणी अर्धंच वाक्य ऐकतं, कोणी चुकीच्या क्षणी दार उघडतं. गोदाई आणि क्योको बाहेर भेटायचं ठरवतात, तर जवळपास सारख्या नावांच्या दोन वेगवेगळ्या कॉफीशॉपांत एकमेकांची वाट बघत बसतात. इमारतीत फोन एकच, तोही व्हरांड्यात, आणि त्यावरचं बोलणं साऱ्या बिऱ्हाडांच्या कानावर जाणारं. आज खिशात मोबाइल असता तर ही गोष्ट दहा भागांत आटपली असती, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. यांच्या हातात मोबाइल दिला असता तरी यांनी तो लावला नसता. गैरसमज ही इथे कथानक ताणायची युक्ती नाही, तो क्योकोचा आडोसा आहे. गोदाई कोझुए नावाच्या मुलीबरोबर दिसला की ती चिडते, आणि चिडण्याची सोय झाली की आपण या मुलाकडे ओढले जातोय हे कबूल करायची गरज उरत नाही. एका रात्री दारूच्या नशेत गोदाई इमारतीसमोर उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी प्रेमाची कबुली देतो. सकाळी त्याला काही आठवत नाही. तिला आठवतं, आणि तीही तो विषय काढत नाही. ऐकलेलं न ऐकल्यासारखं करायला क्योको फार पटाईत. पिल्लाचं चित्र असलेला एप्रन घालून ती अंगण झाडत असते, आणि झाडू जमिनीवर किती जोरात आपटतोय यावरून त्या दिवशीचं तिचं मन ओळखावं.

क्योको नुसती हळवी नायिका नाही, हे बरं आहे. ती छपरावर चढून गळती बुजवते, टेनिस खेळते, मत्सर करते आणि मत्सर नाही असं सांगते. तिला आवाज दिला सुमी शिमामोतो यांनी. मियाझाकींच्या ‘नाउसिका’ या चित्रपटाची नायिका त्यांनीच बोलती केली होती. ‘गोदाई-सान’ ही एकच हाक त्या इतक्या प्रकारे मारतात की खालचं भाषांतर वाचायची गरज पडू नये. मालिका डब करून बघणाऱ्याचं निम्मं नुकसान इथेच होतं.

आणि यात काळ चालतो. ताकाहाशींच्याच ‘उरुसेई यात्सुरा’ या मालिकेची जागा याच वेळेला ‘मेझॉन इक्कोकु’ने घेतली, आदल्या आठवड्यात ती संपली, पुढच्या बुधवारी ही सुरू झाली. तिथली मुलं वर्षानुवर्षं त्याच वर्गात होती. इथे मात्र गोदाई विद्यापीठात जातो, रखडत पदवी घेतो, नोकरी मिळते तर रुजू व्हायच्या आत कंपनीच बुडते. मग कॅबरेत काम करणाऱ्या बायकांची मुलं सांभाळता सांभाळता त्याला उमगतं की आपल्याला लहान मुलांमध्येच राहायचंय, आणि तो बालवाडी शिक्षकाची परीक्षा देतो. 1980 च्या दशकातल्या भरभराटीच्या जपानमध्ये नायकाला इतका किरकोळ पेशा देणं धाडसाचंच म्हणायचं. त्याच्यासमोर मिताका आहे: श्रीमंत घरचा, देखणा, टेनिसचा प्रशिक्षक, दात चमकवून हसणारा, आणि कुत्र्यांना भयंकर घाबरणारा. लेखिकेने त्याला खलनायक केलं नाही. त्याचं लग्न ठरतं तेही गैरसमजातून. आसुना नावाची मुलगी पिल्लं होणार म्हणून सांगायला येते. ती बोलत असते आपल्या कुत्रीबद्दल, हा समजतो तिच्याबद्दल, आणि सभ्य माणसासारखी मागणी घालतो. क्योको ज्या गैरसमजांच्या आड लपली, त्यांच्यातच मिताका अडकला आणि सुखी झाला. एवढी चोख उलटी घडण सहसा जमत नाही.

सगळंच असं जमलेलं नाही. मधले काही भाग पाणी घालून वाढवलेत. शाळकरी यागामी तिच्या वर्गावर शिकवायला आलेल्या गोदाईच्या मागे लागते तो पसारा जरा लांबतो. अर्थात क्योको स्वतः शाळेत असताना शिक्षकाच्या प्रेमात पडली होती आणि यागामीत तिला आपलंच रूप दिसतं, म्हणून तो पूर्ण वाया गेला असंही म्हणवत नाही. शेजारच्या इचिनोसेबाई, आकेमी आणि योत्सुया यांचा दारूचा गोंधळ सुरुवातीला मजेदार आहे, पुढे पुढे डोकं उठतं. मराठी प्रेक्षकाला इथे चाळ आठवेल. पण चाळीत कुटुंबं असतात, आणि इक्कोकु-कानमध्ये इचिनोसे सोडले तर सगळे एकटे. गोंगाटाचं कारण तेच असावं.

शेवटाकडे मालिका फार मोठ्या उंचीवर जाते. झिंगलेल्या भावी सासऱ्याला पाठीवर घेऊन गोदाई चालत असतो, तशा अवस्थेत लग्नाची मागणी घालतो, आणि क्योको अट घालते ती एकच: माझ्यापेक्षा निदान एक दिवस जास्त जग. विनोदी मालिकेत इतकी घाबरलेली अट मी दुसरीकडे ऐकलेली नाही. मग गोदाई एकटा सोइचिरोच्या थडग्यापाशी जातो. क्योकोला सोइचिरोचा विसर पाडण्याची प्रतिज्ञा तो करत नाही. त्याच्या बोलण्याचा आशय इतकाच, की मला ती भेटली तेव्हापासून तुम्ही तिच्या मनात होता, तेव्हा मी तिला तुमच्यासकट घरी नेतो. क्योको मागे उभी राहून हे ऐकते. या वेळी ऐकलेलं तिला न ऐकल्यासारखं करता येत नाही, करायचंही नसतं. मेलेल्या प्रतिस्पर्ध्याचं काय करायचं, याचं गोदाईला सुचलेलं हे उत्तर कुणा हुशार माणसाला सुचलं नसतं. त्याला सात वर्षं एकाच खोलीत मार खाल्लेला माणूसच लागतो.

96 भाग ही संख्या बघून बिचकू नका. पहिले दहा-बारा भाग विनोदासाठी बघा, थडग्याचा प्रसंग येईपर्यंत मधले भाग टाळू नका, आणि मूळ जपानी आवाजातच बघा. प्रेमाच्या विनोदी मालिकांमध्ये याच्या बरोबरीला बसेल असं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.