पृष्ठवर्णन भाषा आणि मुद्रणदोष : एक पाठचिकित्सात्मक विवेचन

प्रास्ताविक

संगणकाच्या पडद्यावर निर्दोष दिसणारे पान कागदावर उतरताना अनेकदा बिघडते. कधी निम्म्या अंकानंतर छपाई थांबते, कधी मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग उमटते, तर कधी एखादा रफार किंवा वेलांटी नाहीशी होते. अशा वेळी दोष प्रिंटरचा, डीटीपी करणाऱ्याचा किंवा मुद्रितशोधकाचा मानण्याचा प्रघात आहे. तथापि लेखकाचा मजकूर आणि कागद यांच्यामध्ये आणखी एक मजकूर असतो. तो पृष्ठवर्णन भाषेत लिहिलेला असतो आणि तो सहसा कोणीही वाचत नाही. वरील दोषांपैकी अनेकांचे मूळ या मधल्या मजकुरात असते.

प्रस्तुत लेखात या दोषांचे स्वरूप तपासून त्यांवरील प्रचलित उपायांची चिकित्सा केली आहे. दोषनिवारणाची रूढ पद्धती 'कागद बाहेर आला' एवढ्यालाच यश मानते. महाविद्यालयीन संशोधनपत्रिका, प्रबंध आणि संदर्भग्रंथ यांच्या बाबतीत हे माप अपुरेच नव्हे, तर घातक आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पृष्ठवर्णन भाषेचे स्वरूप

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये ॲडोबी ही कंपनी स्थापन केली. तिची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा १९८४ मध्ये आली आणि १९८५ च्या ॲपल लेसररायटर प्रिंटरमुळे तिचा प्रसार झाला. त्याच सुमारास ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीची पीसीएल ही भाषा लेसरजेट प्रिंटरांतून रूढ झाली. पीडीएफ १९९३ मध्ये आले आणि २००८ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या तिन्हींमध्ये मूलभूत फरक आहे. पोस्टस्क्रिप्ट फाइल हा एक प्रोग्राम असतो. प्रिंटरमधील इंटरप्रिटर तो ओळीने वाचतो, संख्या व नावे एका चळतीवर रचतो आणि आज्ञा आली की चळतीवरील मूल्ये उचलून कृती करतो. पीसीएल ही तुलनेने साध्या आज्ञांची मालिका आहे. पीडीएफमध्ये प्रोग्रामची मोकळीक काढून पानांचे वर्णन स्वतंत्र घटकांत मांडलेले असते. मात्र एका बाबतीत तिन्हींचे साम्य आहे. कोणता आकार पानावर कोठे उमटवावा, हे त्या सांगतात. त्या आकाराचा भाषिक अर्थ काय, हे सांगणे त्यांचे मूळ कार्य नाही. 'क' हे त्यांच्या लेखी वर्ण नसून विशिष्ट फॉन्टमधील विशिष्ट क्रमांकाची आकृती असते. पुढील सर्व विवेचन या एका वस्तुस्थितीवर आधारलेले आहे.

बोलके दोष

मुद्रणदोषांचे बोलके आणि मुके असे दोन वर्ग करता येतील. इंटरप्रिटरला फाइल वाचता आली नाही की तो काम थांबवतो. हा बोलका दोष होय. पोस्टस्क्रिप्टच्या दोषसंदेशात साधारणपणे दोषाचे नाव, अडलेली आज्ञा आणि त्या क्षणी चळतीवर असलेली मूल्ये असे तीन भाग असतात. 'अनडिफाइन्ड' म्हणजे इंटरप्रिटरला अनोळखी नाव भेटले. 'लिमिटचेक' म्हणजे एखादी रेखाकृती यंत्राच्या मर्यादेपलीकडे गुंतागुंतीची झाली. 'व्हीएम एरर' म्हणजे स्मृती संपली. एकाच कामात अनेक फॉन्ट भरले असता हा दोष संभवतो. 'इनव्हॅलिडफॉन्ट' हे नाव स्वयंस्पष्ट आहे.

या संदेशांची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. दोष जेथे आढळतो तेथेच तो घडलेला असतो, असे नाही. समजा, 'एसएचफिल' ही आज्ञा अनडिफाइन्ड असल्याचा संदेश आला. ही आज्ञा रंगछटांच्या सलग संक्रमणासाठी १९९७ च्या पोस्टस्क्रिप्ट ३ मध्ये आली. म्हणजे येथे फाइल चुकीची नाही आणि प्रिंटरही बिघडलेला नाही. नव्या आवृत्तीची फाइल जुन्या आवृत्तीच्या यंत्राकडे गेली, एवढाच अर्थ आहे. लेव्हल २ साठी फाइल पुन्हा तयार केली की दोष नाहीसा होतो. याउलट अनडिफाइन्ड म्हणून एखादा निरर्थक अक्षरसमूह आला, तर फाइल वाटेत तुटली किंवा तिच्यातील द्विमान माहिती बिघडली, असा संशय घ्यावा.

भाषेची ओळख चुकणे हा याच वर्गातील दुसरा प्रकार होय. पोस्टस्क्रिप्ट फाइलच्या आरंभी टक्केचिन्ह, उद्गारचिन्ह आणि 'पीएस' ही अक्षरे असतात. केवळ पीसीएल जाणणाऱ्या यंत्राकडे ती गेली, किंवा आरंभीच्या खुणेपूर्वी काही उपरी चिन्हे घुसल्याने ती ओळखली गेली नाही, तर यंत्र तो प्रोग्रामच मजकूर समजून छापू लागते. पानामागून पान आज्ञावलीने भरते. येथे फाइलमध्ये शोध घेण्याऐवजी ड्रायव्हरची निवड तपासणे इष्ट ठरते.

बोलक्या दोषासाठी निदानाची सोपी रीत उपलब्ध आहे. तीच फाइल दुसऱ्या इंटरप्रिटरकडून वाचून घ्यावी. एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये सिद्ध केलेले घोस्टस्क्रिप्ट त्यासाठी उपयोगी आहे. तेथेही काम अडले तर दोष फाइलमध्ये असण्याची शक्यता अधिक. तेथे पाने नीट दिसली तर यंत्राची स्मृती, आवृत्ती किंवा जोडणी पाहावी. छपाई अडण्यापूर्वी कोणते पान निघाले याची नोंद केली आणि फाइलचे दोन भाग करून छापले, तर सदोष पान अल्पावधीत हाती लागते.

मुके दोष आणि देवनागरी

मुक्या दोषात यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही. पान निघते, पण ते चुकीचे असते. मागितलेला फॉन्ट न मिळाल्यास अनेक पोस्टस्क्रिप्ट यंत्रे कुरिअर हा फॉन्ट वापरून काम पुढे नेतात. रोमन मजकुरात त्यामुळे केवळ सौंदर्यहानी होते. मराठीत मात्र मजकूरच नष्ट होतो.

याचे कारण जुन्या देवनागरी फॉन्टांच्या रचनेत आहे. टाइप १ फॉन्टच्या एका सांकेतिक तक्त्यात २५६ जागा असतात. देवनागरीतील जोडाक्षरे, अर्धी अक्षरे आणि मात्रांची विविध स्थाने त्यात मावत नाहीत. म्हणून अक्षरांचे तुकडे करून ते रोमन अक्षरांच्या जागी बसवण्यात आले. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टांत संगणक जे साठवतो ते मराठी नसून रोमन संकेतांची मालिका असते. फॉन्टच्या आवरणामुळे ती मराठी दिसते. आवरण गळून पडले की उरलेला मजकूर कोणत्याच भाषेतला नसतो. आयएस १३१९४ हे भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ मधील आहेत. तरीही अक्षरजुळणीच्या व्यवहारात जुने फॉन्ट त्यानंतर दीर्घकाळ टिकून राहिले, ही बाब चिंतनीय आहे.

युनिकोडमुळे प्रश्न संपला, असेही म्हणता येत नाही. युनिकोडमध्ये 'वि' लिहिताना आधी 'व' आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते. पानावर मात्र वेलांटी आधी उमटते. पृष्ठवर्णन फाइल दृश्य क्रम नोंदवते. त्या क्रमातील प्रत्येक आकार कोणत्या वर्णाचा, हे सांगणारा जुळणीतक्ता पीडीएफमध्ये स्वतंत्रपणे द्यावा लागतो. हा तक्ता तयार करताना समूहातील पहिल्या आकाराला पहिला वर्ण जोडला गेला, तर वेलांटीच्या आकाराला 'व' चिकटतो. परिणामी छापील पानावर 'विभाग' शुद्ध असते, परंतु तोच मजकूर उचलून अन्यत्र ठेवला की 'ववभाग' होतो आणि 'शिक्षण'चे 'शशक्षण' होते. मराठी पीडीएफ हाताळणाऱ्यांना ही रूपे परिचित आहेत. कागद निर्दोष असल्याने या दोषाची मुद्रणदोषांत गणनाच होत नाही.

याहून सूक्ष्म असा एक दोष आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास', 'दर्या' आणि 'दऱ्या' या जोड्यांत रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' यांच्यामुळे अर्थभेद होतो. पर्यायी फॉन्टमध्ये किंवा जुन्या संकेतातून युनिकोडमध्ये नेणाऱ्या परिवर्तकात या दुसऱ्या आकाराची योग्य व्यवस्था नसेल, तर स्वयंपाक्याचा अध्यापक होतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. रोमन अक्षरांची रांग कोणाच्याही डोळ्यांत भरते. 'दर्या' हा मात्र शुद्ध मराठी शब्द असल्याने मुद्रितशोधकही त्यावरून पुढे जाऊ शकतो.

पाठचिकित्सेला हा अनुभव नवा नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नकलांच्या परंपरेत पाठ बिघडले होते म्हणून. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिचा पायाही प्रतींच्या तुलनेचा होता. अर्थहीन पाठ लगेच पकडला जातो; अर्थपूर्ण पण चुकीचा पाठ परंपरेत टिकतो, हे तेथील तत्त्व पृष्ठवर्णन फाइललाही लागू पडते. लेखक, डीटीपी, पीडीएफ आणि यंत्र ही आजची प्रतपरंपराच आहे. प्रश्न एवढाच की पाठ कोणत्या टप्प्यावर बिघडला.

प्रचलित उपायांची चिकित्सा

छपाई अडली असता सुचवला जाणारा पहिला उपाय म्हणजे पान चित्ररूपाने छापणे. यात पानाचे बिंदुचित्र संगणकातच तयार होते आणि प्रिंटरला फॉन्ट वा गुंतागुंतीच्या आज्ञा हाताळाव्या लागत नाहीत. तातडीच्या एका प्रतीसाठी हा उपाय योग्यच आहे. परंतु त्याने निदान होत नाही, दोष केवळ झाकला जातो.

दुसरा उपाय मजकुराचे आकाररेषांत रूपांतर करण्याचा. फॉन्ट न मिळण्याचा धोका त्यामुळे निश्चित टळतो. मात्र त्या क्षणी मजकूर मजकूर राहत नाही. लहान आकारातील अक्षरे काहीशी जाड दिसू शकतात, शब्दाची दुरुस्ती करता येत नाही आणि शोधही घेता येत नाही. मुद्रकाच्या सोयीसाठी केलेली ही प्रत पुढे संग्रहाची प्रत म्हणून ठेवली जाते, तेथे खरी हानी होते.

तिसरा उपाय पीडीएफचे पोस्टस्क्रिप्ट करून त्यातून पुन्हा पीडीएफ करण्याचा. पोस्टस्क्रिप्टमध्ये पारदर्शकतेची कल्पना नाही. पीडीएफमध्ये ती २००१ च्या १.४ आवृत्तीपासून आहे. त्यामुळे या फेऱ्यात पारदर्शक घटक सपाट करावे लागतात आणि मजकुराची रचना दर्शवणारी माहिती गळून पडते. उपाय कधी लागू पडतो, पण पाठाची आणखी एक नक्कल होते.

या तिन्ही उपायांत तांत्रिक चूक नाही. त्यांच्यामागील मूल्यदृष्टी मात्र एकांगी आहे. त्यांत कागद हे साध्य आणि मजकूर हे साधन मानले आहे. विद्याव्यवहारात हा क्रम उलटा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनुसार पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम आले. साम्यतपासणीच्या संगणकप्रणाली फाइलमधील मजकूर वाचतात, कागद वाचत नाहीत. आकाररेषांतील प्रबंधात त्यांना वाचण्यासारखे काही सापडत नाही; जुन्या फॉन्टमधील प्रबंधात रोमन संकेत सापडतात, ज्यांची युनिकोडमधील मराठी मजकुराशी तुलना होऊ शकत नाही. अशा फाइलचा शून्य टक्के साम्य हा निष्कर्ष मौलिकतेचा पुरावा ठरत नाही. त्याचप्रमाणे प्रामाणिक संशोधकाचे लेखनही शोधात कधीच सापडत नाही. दोन्ही बाजूंनी अन्यायच होतो.

यावर असा आक्षेप संभवतो की अध्यापकाने फॉन्ट आणि इंटरप्रिटर यांत का पडावे; ते मुद्रकाचे काम आहे. श्रमविभागणीच्या दृष्टीने आक्षेप रास्त आहे. परंतु 'ववभाग' हा दोष मुद्रकाच्या कक्षेत येतच नाही, कारण त्याचा कागद बरोबर आहे. आणि 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' आला आहे, हे मूळ मजकुराचा अर्थ जाणणाराच सांगू शकतो. पाठाची जबाबदारी अखेर संपादकाची आणि लेखकाची राहते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून दोषतपासणीचा पुढील क्रम सुचवावासा वाटतो. प्रथम, दोषसंदेश आणि तो ज्या पानावर आला ते पान यांची अक्षरशः नोंद करावी. दुसरे, तीच फाइल दुसऱ्या इंटरप्रिटरमध्ये उघडून दोष फाइलचा की यंत्राचा हे ठरवावे. तिसरे, पीडीएफच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी पाहून प्रत्येक फॉन्ट अंतर्भूत आहे याची खात्री करावी. चौथे, रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे असलेला एक परिच्छेद उचलून साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवावा आणि मोठ्याने वाचावा. पाचवे, यानंतरच ड्रायव्हर, स्मृती व जोडणी यांकडे वळावे.

जुन्या टाइप १ फॉन्टना असलेला आधार ॲडोबीने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या प्रणालींतून काढून घेतला. त्यामुळे जुन्या अंकांच्या मूळ फाइली पुन्हा उघडून छापणे उत्तरोत्तर कठीण होणार आहे. ज्या महाविद्यालयांकडे त्या फाइली आणि त्यांचे फॉन्ट अद्याप आहेत, त्यांनी मूळ प्रत जपून तिचे युनिकोडमधील रूपांतर तज्ज्ञ वाचकाकडून तपासून घ्यावे. नव्या अंकासाठी मुद्रितशोधनाच्या अखेरच्या टप्प्यात वरील चौथी चाचणी समाविष्ट करावी. तीस काही मिनिटे लागतात आणि कोणतेही खर्चिक साधन लागत नाही. मुद्रकाकडे आकाररेषांतील प्रत जावी, परंतु ग्रंथालयात आणि संकेतस्थळावर जिवंत मजकूर असलेली प्रतच ठेवावी, एवढा भेद पाळला तरी पुष्कळ साधेल.