मात्रेला जागा कुठे? आठ-बिटी संगणकाच्या नकलेचे परीक्षण

गेल्या पावसाळ्यात तेल्हाऱ्यात दहावीच्या काही मुलांपुढे आम्ही एक प्रयोग केला. साध्या संगणकाच्या पडद्यावर एक चौकट उघडली आणि त्या चौकटीत दुसराच एक संगणक सुरू झाला. काळा पडदा, वर यंत्राचे नाव, खाली एक छोटी खूण आणि तिच्या शेजारी लुकलुकणारी रेघ. बाकी काही नाही. थोडा वेळ शांतता होती. मग एकाने विचारले, "सर, क्लिक कुठी कराचं?"

क्लिक करण्याजोगे तिथे काहीच नव्हते. हा संगणक आपण आज्ञा देईपर्यंत थांबून राहतो. ही त्याची पहिली शिकवण आहे.

चौकटीतला तो संगणक म्हणजे १९८१ साली ब्रिटनमध्ये आलेला 'बीबीसी मायक्रो'. त्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावलीला 'एम्युलेटर' म्हणतात. जुन्या आठ-बिटी यंत्रांवर प्रेम करणारे हौशी लोक जगभर अशा आज्ञावल्या लिहितात, जुन्या यंत्रांसाठी नव्या आज्ञावल्या रचतात आणि मूळ यंत्रांना नवे भाग जोडतात. यांपैकी 'जेएसबीब' हा एम्युलेटर इंटरनेटच्या ब्राउझरमध्येच चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. शिक्षकाच्या दृष्टीने तो कसा आहे, याचे हे परीक्षण.

याच यंत्राची निवड का केली, असे कोणी विचारील. आपल्या देशात शालेय संगणकशिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग याच यंत्रावर झाला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८४-८५ मध्ये 'क्लास' हा प्रकल्प हाती घेतला आणि सुरुवातीला २५० शाळा निवडल्या. पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या भारतीय कंपनीने हेच यंत्र परवान्याने 'युनिकॉर्न' नावाने बनवले. तेव्हा हा केवळ परक्या देशातल्या छंदाचा विषय नाही. आपल्या शाळांच्या इतिहासाचे एक पान त्यात आहे.

प्रथम गुण सांगू. नक्कल कमालीची प्रामाणिक आहे. मूळ यंत्रातली '६५०२' ही चिप दर सेकंदाला २० लाख ठोके मोजत असे. एम्युलेटर त्या प्रत्येक ठोक्याचा हिशेब ठेवतो. म्हणूनच १९८४ साली आलेला, वेळेच्या काटेकोर गणितावर उभा असलेला 'इलाइट' हा खेळही त्यात जसाच्या तसा चालतो. भाषांतर करणाऱ्याने मूळ लेखकाचे खाकरणेही सोडू नये, तशी ही निष्ठा आहे.

दुसरा गुण शिक्षकाच्या अधिक उपयोगाचा आहे. हे यंत्र इतके लहान आहे की त्याची सगळी स्मृती फळ्यावर मांडता येते. एकूण स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट. आठ रंगांचे चित्र दाखवणारा 'मोड २' निवडला की पडद्यावर १६० गुणिले २५६ ठिपके येतात. एका ठिपक्याला अर्धा बाइट लागतो. मुलांनी गुणाकार करावा. उत्तर येते २०,४८० बाइट, म्हणजे २० किलोबाइट. तेवढी जागा पडद्याने घेतली. उरलेल्या १२ किलोबाइटमधून यंत्राच्या स्वतःच्या नोंदी आणि चकतीचा कारभार वजा जातो. आता 'प्रिंट हायमेम-पेज' ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकावी. चकतीची सोय असलेल्या यंत्रावर उत्तर मिळते ५,८८८. तुमच्या आज्ञावलीसाठी एवढेच बाइट शिल्लक! नंतर केवळ मजकूर दाखवणारा 'मोड ७' घ्यावा आणि तीच आज्ञा द्यावी. उत्तर २५,३४४ येते. रंगांची किंमत मुलांना वजाबाकीने कळते. आजच्या संगणकात ही देवघेव होतच असते, पण इतक्या थरांखाली होते की ती दाखवता येत नाही.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष लहान आहे. जुन्या कळफलकावर चिन्हांच्या जागा वेगळ्या होत्या. दुहेरी अवतरणचिन्ह '२' या कळीवर होते. एम्युलेटरमध्ये कळफलकाची मांडणी निवडता येते, पण ही गोष्ट नवख्या शिक्षकाला कोणी आधी सांगत नाही. पहिली दहा मिनिटे तिथेच जातात आणि वर्गाचा उत्साह मावळतो.

दुसरा दोष गंभीर आहे, आणि तो नकलेइतकाच मूळ यंत्राचाही आहे. या यंत्रावर प्रत्येक अक्षर आठ ओळी आणि आठ रकान्यांच्या चौकोनात बसवावे लागते. आपले स्वतःचे अक्षर घडवण्याची सोय मात्र आहे. आम्ही 'न' घडवला. आधी 'मोड ५' घेतला, कारण 'मोड ७' मध्ये अशी अक्षरे दिसत नाहीत. मग ही ओळ टंकली :

व्हीडीयू २३,२२४,२५५,२,२,१२६,९८,२,२,०

शेवटचे आठ आकडे म्हणजे अक्षराच्या आठ ओळी. २५५ म्हणजे आठही ठिपके पेटलेले, ती झाली शिरोरेषा. २ म्हणजे उजवीकडून दुसरा एकच ठिपका, तो झाला दांडा. १२६ आणि ९८ मिळून डावीकडची गाठ. 'प्रिंट सीएचआर$ २२४' म्हणताच पडद्यावर 'न' उमटला. दोनदा छापला तेव्हा दोन्ही शिरोरेषा आपोआप जुळल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. द्विमान पद्धत त्या दिवशी पुस्तकातून बाहेर आली.

मग एका मुलीने विचारले, "सर, आता मात्रा कुठी देवाची?"

उत्तर नव्हते. शिरोरेषा सर्वांत वरच्या ओळीवर, तिच्या वर जागाच नाही. शिरोरेषा दोन ओळी खाली घेतली तर अक्षराला पाचच ओळी उरतात, आणि उकार द्यायचा तर त्याहून कमी. 'तेल्हारा' हे आपल्याच गावाचे नाव त्या चौकोनांत धड बसेना. रोमन लिपीसाठी जो चौकोन पुरेसा होता, तो आपल्या लिपीला अपुरा ठरला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले 'जिस्ट' तंत्र नेमक्या याच प्रश्नाशी झगडले. पीसीमध्ये त्यासाठी वेगळे कार्ड बसवावे लागे. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे 'इस्की' हे प्रमाण १९९१ साली ठरले. म्हणजे 'क्लास' प्रकल्प सुरू झाला तेव्हा हे काम अपुरेच होते. यंत्र शाळेत आले, पण मुलांची लिपी यायची होती.

एम्युलेटर रचणारे यंत्राचा प्रत्येक ठोका जपतात. त्या यंत्रापुढे बसलेल्या मराठी मुलाची ही अडचण मात्र त्यांच्या नकलेत येत नाही, येणारही नाही. ती आपण वर्गात उभी करावी लागते.

तिसरी तक्रार सुधारणांविषयी. हौशी लोक मूळ यंत्रात चकतीऐवजी स्मृतीकार्ड बसवतात. यंत्राला दुसरा प्रक्रियक जोडण्यासाठी 'ट्यूब' नावाची जोडणी होती, तिथे आता 'रास्पबेरी पाय' लावतात. यात इतिहासाचा गमतीदार फेरा आहे. एप्रिल १९८५ मध्ये पहिली 'आर्म' चिप तपासली गेली, ती याच जोडणीवर. आज तिचे वंशज आपल्या मोबाइलमध्ये आहेत आणि रास्पबेरी पायमध्येही. पणतू पणजोबांच्या हाताला धरून चालवतो आहे! कारागिरी म्हणून हे कौतुकास्पद आहे. वर्गासाठी मात्र आम्ही ते नको म्हणू. ५,८८८ बाइटांची अडचण हाच आपला पाठ आहे. जागा वाढवली की पाठ संपला.

तर निवाडा असा : यंत्राची नक्कल म्हणून हे काम उत्तम आहे. अध्यापनाचे साधन म्हणून ते अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे प्रश्न, वजाबाकी आणि मात्रेची अडचण, शिक्षकाने आणायचा आहे.

आणखी एक विनंती. 'क्लास' प्रकल्पात असलेल्या एखाद्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असे यंत्र अजून नोंदलेले असू शकेल. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी कपाट एकदा उघडून पाहावे. यंत्राला लगेच वीज देऊ नये. जुने कपॅसिटर फुटतात, जाणकाराकडून आधी तपासून घ्यावे. यंत्र गेले तरी त्याची नक्कल उपलब्ध आहे. पण सोबतच्या चकत्या, कॅसेटी आणि एखाद्या शिक्षकाने वहीत उतरवलेली आज्ञावली यांची नक्कल कुठेही नसेल. त्या बाजूला काढाव्यात, वहीची छायाचित्रे घ्यावीत आणि ती आज्ञावली मुलांकडून पुन्हा टंकून घ्यावी. ती चालली नाही तर चूक शोधणे हा पुढचा तास.