निंबोळी, तंबाखू आणि न फवारलेले रोप

शाळेच्या परसबागेसाठी घरगुती कीडनाशकांच्या कृती हल्ली सर्वत्र वाचायला मिळतात. लसूण-मिरचीचा रस, ताकातला हिंग, कडुनिंबाचा काढा, तंबाखूचे पाणी, राख, साबण, अशी ही यादी लांबलचक असते. बाजारातली जहाल विषे मुलांच्या हाती देऊ नयेत, हा त्यामागचा हेतू आम्हालाही मान्य आहे. तरीही विज्ञान शिकवणाऱ्याने या कृती जशाच्या तशा घेऊ नयेत, असे आम्हाला वाटते.

पहिली उणीव म्हणजे कीड कोणती, हेच त्यांत सांगितलेले नसते. मावा, पिठ्या ढेकूण हे मऊ अंगाचे कीटक आहेत. साबणाचे पाणी प्रत्यक्ष अंगावर पडले तर ते मरतात. पाणी वाळले की परिणाम संपतो. वांग्यात शिरलेल्या अळीपर्यंत मात्र हे पाणी पोचतच नाही. दोघांवर एकच उपाय सांगणे म्हणजे तापाला आणि मोडलेल्या हाडाला एकच गोळी देणे होय.

दुसरी उणीव कार्यकारणाची. १९५९ साली सुदानमधील टोळधाडीत कडुनिंबाची झाडे तेवढी शाबूत राहिल्याचे जर्मन कीटकशास्त्रज्ञ श्मुटेरर यांनी पाहिले. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीतील मगजाचे पाणी टोळांना पिकापासून दूर ठेवते, हे दाखवले. यातील मुख्य द्रव्य अझाडिरॅक्टिन. ते पानांपेक्षा बियांत पुष्कळ अधिक असते, उकळल्याने नासते आणि उन्हात टिकत नाही. तेव्हा 'पाला उकळा व सकाळी फवारा' ही कृती तिन्ही बाबतींत उलटी आहे. त्याऐवजी अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या भरडून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, गाळून एकूण १० लिटर द्रावण करावे, किंचित साबण मिसळावा आणि संध्याकाळी फवारावे. सोलापूरच्या उन्हात ही वेळ पाळायलाच हवी. कीड लगेच मरत नाही. तिचे खाणे कमी होते, कात टाकणे बिघडते. दुसऱ्याच दिवशी निराश होऊ नये.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' असे या कृती गृहीत धरतात. विडी कामगारांच्या या शहरात तंबाखूची भुकटी सहज मिळते. पण निकोटिन हे विष आहे आणि ते कातडीतूनही शरीरात जाते. परसबागेतला पाला शाळेच्याच जेवणात जाणार असतो. शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅक विषाणूची लागण होऊ शकते. दशपर्णी अर्काच्या काही कृतींत धोतरा, कण्हेर यांचा पाला असतो, तोही विषारीच. शाळेत या दोन्ही कृती करू नयेत.

शेवटची उणीव म्हणजे न फवारलेल्या रोपाचे काय झाले, हे कोणीच सांगत नाही. ढालकिडे मावा खातात, पावसाच्या सरीनेही तो धुऊन जातो. मग गुण नेमका कशाचा?

हे शोधणे मुलांना जमण्याजोगे आहे. एकाच वाफ्यातील गवारीची आठ रोपे घ्यावीत. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या चारांवर अर्क आणि उरलेल्या चारांवर तेवढेच साधे पाणी फवारावे. दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक रोपाच्या शेंड्याकडील तीन पानांवरचा मावा मोजावा, ढालकिडेही मोजावेत आणि आकडे वहीत लिहावेत. फरक दिसला नाही, तरी तो निष्कर्ष खोडू नये.