‘माझा प्रवास’ : छापील पाठ आणि मूळ पाठ

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनार्थ उत्तरेस निघाले. महूनजीक बंडाची वार्ता कानीं आली, तरी ते मागें फिरले नाहींत. १८५८ सालचा झांशीचा वेढा त्यांनीं शहरांत राहून पाहिला; जवळचें द्रव्य लुटलें गेलें, परंतु गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले.

हा वृत्तान्त त्यांनीं पुढें चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिला. वैद्यांनीं तो १९०७ सालीं छापला. मात्र छापतांना भाषा सुधारली, कांहीं मजकूर गाळला व फिरविला. वैद्यांमुळें ग्रंथ वांचला, हें ऋण मोठेंच. तथापि या साक्षीदाराची किंमत त्याच्या बोलण्याच्या धाटणींत आहे. पाहिलेलें कोणतें व ऐकलेलें कोणतें, हें तिच्यावरूनच ताडतां येतें. ती घांसून गुळगुळीत केली कीं साक्ष जाऊन कथा उरते. दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं मूळ पाठ प्रसिद्ध केला. तेव्हां अवतरण देणारानें आपला आधार कोणता, हें सांगणें अवश्य आहे.

बिलोलीकडील एखाद्या दप्तरांत यात्रेचे कागद सांपडल्यास संग्राहकांनीं हाच धडा घ्यावा : आधीं जशीच्या तशी नक्कल, मग टीप, दुरुस्ती कधींच नव्हे.