भरकटलेले हत्ती

हसदेव अरण्यावरचा एक हिंदी लेख मराठीत आणताना ‘भटके हुए हाथी’चे मी ‘भरकटलेले हत्ती’ केले आणि पुढे गेले. छापून आल्यावर ते खुपू लागले. भरकटतो तो वाट चुकलेला. छत्तीसगडच्या या जंगलात २०१३पासून कोळसा निघतो आहे. हत्ती चुकलेले नाहीत, वाट खणली गेली आहे.

सरकारी मराठीत वनजमीन ‘वळती करण्यात येते’. या वाक्याला कर्ता नसतो. हत्तींच्या वाक्यात मात्र तो ठळक: हत्ती घुसले, हत्तींनी धान तुडवले. २०२१मध्ये कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आला, तेव्हा आपल्याकडेही ‘धुडगूस’ शब्द तयारच होता.

भारतीय वन्यजीव संस्थेचा २०२१चा अहवाल सांगतो: छत्तीसगडात देशातले जेमतेम १ टक्का हत्ती, पण हत्ती-मानव संघर्षातले सुमारे १५ टक्के मानवी मृत्यू तिथले. ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याला माझ्या शब्दनिवडीचे काय? तरी दोष कुणावर जातो, ते शब्दच ठरवतात.

पुस्तकासाठी मी ‘वाट तुटलेले हत्ती’ केले. संपादकांनी विचारले, मुळात तसे आहे का?

नाही.