जातिवंत कुत्री, गावठी माणसे

मराठीत उंची वाणाच्या कुत्र्याला 'जातिवंत' म्हणतात आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला 'गावठी'. हे शब्द कुणी मुद्दाम घडवलेले नाहीत. ज्या समाजाने माणसांची उतरंड रचली, त्याने कुत्र्यांसाठी वेगळी भाषा शोधण्याची तसदी घेतली नाही, एवढेच. प्राणी पाळावेत की नाही, हा प्रश्न आपल्याकडे भूतदयेचा म्हणून चर्चिला जातो. माझ्या मते तो आधी जातीचा, श्रमाचा आणि मालकीचा प्रश्न आहे. आपल्या चळवळीनेही त्याकडे पुरेसे पाहिलेले नाही.

प्रथम 'जातिवंत' या शब्दाचा विचार करू. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि कुत्र्यांच्या वंशावळींच्या नोंदवह्या सुरू झाल्या. शुद्ध रक्त टिकवायचे म्हणून जवळच्या नात्यातच संकर करण्याची पद्धत रूढ झाली. तिची फळे कुत्रे भोगते. पगचे नाक इतके चपटे झाले की त्याला श्वास पुरत नाही. बुलडॉगच्या मादीला पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय पिल्ले होत नाहीत. जर्मन शेफर्डचे खुबे निकामी होतात. असा धापा टाकणारा जीव अंधेरीच्या दमट उन्हाळ्यात हौसेने आणला जातो, आणि त्याच्या किमतीत 'कागदपत्रां'ची किंमत धरलेली असते. ही कागदपत्रे म्हणजे कुलवृत्तान्तच. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी जातीच्या समर्थनार्थ पुढे केलेला रक्तशुद्धीचा आणि सुप्रजननाचा दावा मोडून काढला. ते पुस्तक कपाटात ठेवून आपल्यातलाच एखादा नवशिक्षित वंशावळ पाहून पिल्लू विकत घेतो, तेव्हा त्याने काय विकत घेतले आहे, हे त्याला विचारले पाहिजे.

दुसरा प्रश्न श्रमाचा. मराठी पांढरपेशा साहित्यात पाळीव प्राणी येतो तो बहुधा कौतुकाचा किंवा गमतीचा विषय होऊन. पु. ल. देशपांडे यांचा 'पाळीव प्राणी' हा लेख पाळणाऱ्यांच्या कौतुकाला मनसोक्त हसतो. पण त्यातला त्रास हा पाहुण्याचा, बरोबरीच्या माणसाचा त्रास आहे. त्या कुत्र्याची घाण कोण काढते, हा प्रश्न विनोदाच्या कक्षेत येत नाही. माझ्या वर्गात घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडच्या वस्त्यांतून मुले येतात. त्यांतला एक पहाटे उठून तीन घरची कुत्री फिरवतो आणि मग पहिल्या तासाला येतो. त्या इमारतीत नोकरांना आणि कुत्र्यांना मिळून एकच लिफ्ट आहे. तो आजारी पडला तर कुत्रे जेवत नाही म्हणून त्याला बोलावणे येते. पगार मात्र त्या दिवसांचा कापला जातो.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढून पाळीव कुत्र्यांना लिफ्टची बंदी करू नये असे सांगितले. ते योग्यच आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. त्यात लिफ्टचा उल्लेख नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतल्या एका मोठ्या गृहसंकुलाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. भटक्या कुत्र्यांना अन्न घालणाऱ्या एका रहिवासी बाईंची तक्रार होती की, सोसायटी त्यांच्या घरकामाच्या बाईलाच आत येऊ देत नाही. तिला अडवू नये, असे न्यायालयाने सांगितले. वाद दोन घरमालकांतला, विषय कुत्र्यांचा, आणि रोजी अडली ती त्या बाईची.

अशी उदाहरणे पाहिली की आपल्याकडे एक उत्तर तयार असते: 'यांना कुत्र्यांचा कळवळा, माणसांचा नाही.' या उत्तरामागे इतिहास आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी होते, अस्पृश्यांना नव्हते. म्हणून १९२७ चा सत्याग्रह झाला. १९३१ साली मणिभवनात गांधीजींना भेटताना बाबासाहेबांनी कुत्र्यामांजरांहून हीन वागणुकीचाच दाखला दिला होता. पण त्या तुलनेत आरोपी कुत्रे नव्हते. तळ्याचा नियम त्याने केलेला नव्हता. कुत्र्याचा द्वेष म्हणजे विद्रोह, अशी समजूत आपल्या काही कवितांत शिरली आहे, ती तपासली पाहिजे.

आपल्या श्रेष्ठ लेखकांनी असे केलेले नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या अण्णाभाऊंच्या 'स्मशानातील सोनं' या कथेत उपनगरातली खाण बंद पडते आणि बेकार झालेला भीमा पुरलेली प्रेते उकरू लागतो. तिथे त्याची गाठ कोल्ह्यांशी पडते. माणूस आणि जनावर एकाच प्रेतासाठी झुंजतात. पण कथेचा रोख कोल्ह्यांवर नाही, भीमाला तिथवर आणणाऱ्या व्यवस्थेवर आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्या अखेरीस दगड भिरकावतो, तो डुकरावर नव्हे, हसणाऱ्यांवर.

मग आपली भूमिका कोणती? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांविषयी. हा भेद मला फार उपयोगाचा वाटतो. मैत्रीची नोंद खरेदीखतात होत नाही. वर सांगितलेल्या कुत्र्याची मालकी बाराव्या मजल्यावर आहे; त्याची मैत्री पहाटे साखळी धरणाऱ्या मुलाशी आहे. आरेतल्या पाड्यांवरचे कुत्रे कुणी विकत घेतलेले नसते. ते घराची राखण करते, घरातले खाते, आणि बिबट्या आला तर पहिल्यांदा तेच जाते. त्या नात्यातही दुःख आहे, पण वंशावळ नाही.

तेव्हा प्राणी विकत घेऊ नये. आसरा द्यायचा तर रस्त्यावरच्या गावठीला द्यावा. दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवणे याला पाळणे म्हणू नये. रस्त्यावर अन्न घालणाऱ्याने नसबंदी आणि रेबीजची लस यांचीही जबाबदारी घ्यावी. कारण रात्रपाळीहून पायी परतणाऱ्यालाच कुत्रे चावते आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेत तोच उभा राहतो. आणि ज्याच्या हातून आपले कुत्रे जेवते, त्याला आजारपणाची भरपगारी रजा द्यावी, आपल्याच लिफ्टने येऊ द्यावे. एवढे ज्या घरात होत नाही, त्या घरातल्या प्राणिप्रेमाला मी मैत्री म्हणणार नाही.